‘जादू’ नाव कसं पडलं आणि मग आम्ही काय काय केलं: कोकणातल्या एका वाचनालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी तालुक्यातलं खाडीच्या तोंडावरचं एक गाव. गावाचं नाव देत नाहीये, पोरांची नावंही नाहीत, आणि एक-दोन तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केलेत म्हणजे कोणी ओळखायला नको. निम्मं गाव मुंबईला, गणपतीला नि शिमग्याला भरतं आणि मग परत घरांना कुलपं. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे, पट इतका कमी की दोन इयत्ता एकाच वर्गात बसतात. शाळेला लागूनच ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत वाचनालय, तिथे शनिवारी दुपारी बालविभाग चालतो, मी तिथे मदतीला असतो. पुस्तकं बदलून द्यायची, एखादी गोष्ट सांगायची आणि महिन्यातून एकदा भिंतीवर प्रोजेक्टर लावून पिक्चर. पिक्चरला खोली भरते, गोष्टीला जेमतेम, हे बहुतेक सगळीकडे असंच असणार.

आता रत्नागिरीकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो, इकडे हापूसच्या बागांना राखणदार बऱ्याच ठिकाणी नेपाळी असतात आणि बोटींवरचे खलाशीही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा खलाशांतले बरेच जण गावी जाऊन येतात, पण बागेतली काही कुटुंबं बायकापोरांसकट वर्षभर बागेतल्याच खोलीत असतात. गवत काढणं, खत घालणं, फवारणीला हात लावणं, आणि आंबा धरला की वानर हाकणं. गावात त्या सगळ्यांना सरसकट ‘बहादूर’ म्हणतात, खरं नाव पाच वर्षांत कोणी विचारलेलं नसतं.

अशाच एका कुटुंबातली दोन भावंडं जूनमध्ये शाळेत आली, मोठी बहीण सहावीला, धाकटा तिसरीला. कागदपत्रं नाहीत मग घेतलं कसं, असं पालकसभेत एकाने विचारलंच. मोठ्या बाईंनी २००९ चा शिक्षण हक्क कायदा पुढे केला, ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, विषय तिथेच संपला. निदान कागदावर.

अडचण काय झाली

जुलैमध्ये आम्ही ‘कोई... मिल गया’ दाखवला. २००३ चा पिक्चर, निळा परग्रहवासी जादू, त्याचं यान त्याला चुकून इथेच सोडून जातं आणि रोहित त्याला लपवून सांभाळतो. निवडण्यामागे विचार होता, उगाच नव्हता लावला. नवीन दोन पोरं आलीत, अनोळखी पाहुण्याशी मैत्री होते असा पिक्चर आहे, आणि हिंदी आहे म्हणजे सगळ्यांनाच कळेल. कागदावर एकदम परफेक्ट.

सोमवारी शाळेत धाकट्याचं नाव जादू पडलं.

पावसात मधेच ऊन पडलं की सगळी पोरं त्याच्याकडे बोट दाखवून ‘धूप! धूप!’ ओरडायची, कारण पिक्चरमधल्या जादूला उन्हातून शक्ती मिळते. आणि तो पण हसायचा, डोळे मिटून हात वर करून ॲक्टिंग करायचा, त्यामुळे मोठ्यांपैकी कोणाला काही खटकलं नाही, उलट एक पालक म्हणाले बघा किती मिसळलाय. मला स्वतःला खटकलं ते त्यांचा खेळ नीट बघितल्यावर. मधल्या सुट्टीत ‘जादू-जादू’ खेळायचे, याने झाडामागून यायचं, बाकीच्यांनी घाबरायचं, मग मैत्री, मग याने कोणाला तरी हात लावून पावर द्यायची, आणि शेवटी एक पोरगा ओरडायचा ‘यान आलं!’ की याने गेटपर्यंत चालत जायचं आणि तिथे उभं राहायचं. खेळ संपला. बाकीची पोरं मग कबड्डी लावायची. हा गेटवरच. कोणी हाकलत नव्हतं हां, कोणी परत बोलावत पण नव्हतं, गोष्टीत तो गेलेला असतो ना.

ऑगस्टमध्ये तो शनिवारी यायचा बंद झाला. बहीण यायची. तिने वाचनालयातल्या काकींना एवढंच सांगितलं, ‘उसका नाम है ना, काकी.’

त्याच सुमारास गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा नेहमीचा फॉरवर्ड फिरला आणि खाली कोणीतरी लिहिलं ‘बागेतल्यांवर पण लक्ष ठेवा’. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेतून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं होतं, त्यामुळे हा फॉरवर्ड ‘असतं असं, सोडून द्या’ म्हणण्यासारखा नाही. सरपंचांनी पोस्ट काढायला लावली. पण पोरं घरात ऐकतात सगळं.

गोष्टीतच काय आहे ते आधी

इथे जरा थांबतो कारण सगळा मुद्दा इथे आहे. पिक्चर वाईट नाहीये, पोरांना आवडतो, मलाही आवडतो. पण हा साचा बघा. परका येतो तो एकटा येतो, त्याला आई नाही बहीण नाही. बोलता येत नाही, आलंच तर एक-दोन शब्द. दिसायला आधी भीती मग गोंडस. त्याच्याकडे काहीतरी शक्ती असते आणि ती आपल्या हिरोच्या कामी येते. मोठी माणसं म्हणजे पोलीस, सरकार वगैरे दुष्ट, लहान मुलं चांगली. आणि शेवटी तो जातो, सगळे रडतात, पडदा. स्पीलबर्गचा १९८२ चा ‘ई.टी.’ घ्या, साधारण हेच हाड. बदलतो कोण, तर घरातला मुलगा. परक्याला काय वाटलं याचा हिशेब कोणी ठेवत नाही, त्याला फक्त घरी जायचं असतं.

मग पोरांनी काय केलं? गोष्ट जशी शिकवली तशी खेळली. मैत्री केली की त्यांनी, पण त्या मैत्रीला शेवटी जाणं बांधलेलंच होतं.

आणि हे काय फक्त पिक्चरचं नाही. आपल्या प्रत्येक पोराला आयुष्यात पहिली गोष्ट कुठली सांगतात तर चिऊ-काऊची. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, आणि काऊ दारात. ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते.’ ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते.’ आपण हसत हसत सांगतो आणि पोरगं दोन वर्षांचं असतानाच आत बसून ऐकायला शिकतं. शिवाय जेवत नसेल तर ‘झोळीवाला येईल हां’ आहेच.

पर्याय कुठले होते

बैठकीत मोठ्या बाई, ग्रंथपाल काकी, एक निवृत्त गुरुजी आणि मी. चहा दोनदा झाला. एक मत होतं की पिक्चरच बंद करा काही दिवस. त्याने पोरं उलट त्याच्यावरच राग काढतील, ‘तुझ्यामुळे’ म्हणून, त्यामुळे ते लगेच बाद झालं.

दुसरं, वर्गात उभं करून दम द्यायचा, चिडवलंत तर बघा. गुरुजींचा भर यावर. तिसरं मोठ्या बाईंचं, १५ ऑगस्टला त्या दोघांना नेपाळी टोपी वगैरे घालून त्यांचा नाच बसवायचा, म्हणजे पोरांना त्यांची संस्कृती कळेल. मनापासून सुचवलं होतं त्यांनी, आणि शाळांमध्ये हे सगळीकडे करतातही. मला पटलं नाही. जो पोरगा ‘वेगळा’ ठरलाय म्हणून त्रासात आहे त्याला स्टेजवर चढवून अजून वेगळा दाखवायचा, आणि मुळात त्यांना नाच येतो का हे कोणी विचारलं होतं? (नंतर कळलं, बहिणीला जाखडी, म्हणजे इकडचा गणपतीतला नाच, जास्त आवडतो, गणपतीत दोन वर्षं बघतेय, चाली पाठ आहेत.)

चौथं, त्यालाच गोष्टीच्या तासाला ‘माझं गाव’ सांगायला लावायचं. आठ वर्षांचा पोरगा, मराठी अर्धवट, बागेतच वाढलेला, त्याला नेपाळचं काय आठवणार.

काकी म्हणाल्या, आधी त्यांच्या घरी तरी जाऊन या की. हे खरं तर पहिलं सुचायला हवं होतं असं सगळेच म्हणाले आणि सगळ्यांनी काकींनाच पाठवलं.

काय केलं

काकी आणि मी बागेत गेलो. आई गवताचा भारा बांधत होती, बसायला पिंप उलटं करून दिलं, काळा चहा दिला. तिला नावाबिवाचं काही वाटलं नाही, तिचा एकच प्रश्न, लिहायला शिकतोय ना? म्हणजे आम्ही जे दुःख घेऊन गेलो होतो ते तिच्याकडे नव्हतंच. बहिणीकडे होतं. ती आम्हाला सोडायला बागेच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, आली आणि तिथे बोलली, वर्गात कोणाला ओरडू नका, तुम्ही ओरडलात तर ते अजून बोलणार, फक्त तुम्ही नसाल तेव्हा. सहावीतली मुलगी, पण तिच्या त्या एका वाक्याने दम द्यायचा पर्याय निकालात निघाला. गुरुजी जरा नाराज झाले.

मग ठरलं की पोरांना काही सांगायचंच नाही, गोष्ट बदलायची. म्हणजे गोष्ट तीच, पण सांगणारा दुसऱ्या बाजूला उभा.

सुरुवात चिऊ-काऊपासून. पाचवी-सहावीची पोरं म्हणाली आम्ही काय बालवाडीत आहोत का, पण नाटक करायचं म्हटल्यावर तयार झाली. नियम एकच, काऊने खरोखर बाहेर उभं राहायचं. ऑगस्टचा पाऊस, वाचनालयाच्या कौलांच्या पागोळ्या धो धो, काऊ झालेली एक मुलगी दाराबाहेर, आत चिऊ मस्त खुर्चीत. ‘चिऊताई चिऊताई दार उघड.’ ‘थांब, बाळाला दूध पाजते.’ आत सगळे खिदळतायत, चिऊ मुद्दाम वेळ काढतेय, बाळाला पावडर लाव, बाळाचा मोबाईल चार्ज कर. बाहेरची पार भिजली, फ्रॉकमधून पाणी निथळतंय, आणि तिचं टाळकं फिरलं. तिने दार बडवलं आणि ओरडली, ‘अगं पन माज्या पन काकेत बाळ हाय!’

स्क्रिप्टमध्ये असलं काही नव्हतं. आत एकदम गप्प. चिऊला सुचेना काय बोलायचं, तिने बाईंकडे बघितलं, बाई माझ्याकडे. मग चिऊ झालेल्या मुलीने उठून कडी काढली. पुढे दोन्ही बाळांना तीट लावायचा सीन पोरांनी आपणच रचला आणि तो जरा जास्तच लांबला. त्यावर आम्ही चर्चा वगैरे काही घेतली नाही, हे बरं केलं असं मला आजही वाटतं. ‘तर मुलांनो यातून काय शिकलो’ विचारलं असतं तर तिथेच गेलं असतं सगळं.

पुढच्या वेळी टागोरांची ‘काबुलीवाला’, १८९२ ची गोष्ट, मराठीत सांगितली. मिनीला वाटतं याच्या झोळीत पळवलेली पोरं आहेत. इथे थांबून विचारलं, तुम्हाला काय वाटतं, काय असेल? झोळीवाल्याच्या धमकीवर जेवलेली पोरं सगळी, बरोब्बर ओळखलं त्यांनी. दोघा-तिघांनी तो फॉरवर्डपण आठवला. आणि मग शेवटी रहमत कुडत्यातून चुरगळलेला कागद काढतो, त्यावर त्याच्या मुलीच्या पंजाचा ठसा. झोळीवाल्याला पण पोरगी आहे. पण एक सांगतो, ही गोष्ट सुद्धा मिनीचा बाप सांगतो, रहमत नाही, आणि तीसुद्धा त्याच्या परत जाण्यावरच संपते, बापाने पैसे देऊन त्याला त्याच्या मुलीकडे पाठवायचं. म्हणजे इथेही यान आलंच.

म्हणून तिसरी गोष्ट इथलीच घेतली, थिबा राजाची. पोरं सहलीला थिबा पॅलेस बघून आलेली, पण तिथे काय बघितलं तर खिडक्या आणि गार्डन. इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला, तिथल्या राजाला राणी आणि मुलींसकट १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं माणूस वाट बघत बसला आणि यान आलं नाही. नंतर कुटुंब परत गेलं, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली ती राहिलीच, तिची मुलगी टुटू इथेच लहानाची मोठी झाली, इथेच संसार केला, मराठी बोलायची, २००० साली इथेच गेली. एका पोराने विचारलं, मग ती कुठली, बर्माची की रत्नागिरीची? गुरुजी म्हणाले, तिच्या शेजाऱ्यांना विचार. शेजारच्या गल्लीत खोदकाम चाललंय असल्यासारखा त्या दिवशी वाद झाला, आणि वादात बहीण पहिल्यांदा मोठ्याने बोलली. ती म्हणाली, दोनोंकी. मग मराठीत, दोन्हीकडची.

धाकटा या तिन्ही वेळा आला नव्हता. हे लिहिणं भाग आहे.

शिमगा

हे आमच्या योजनेत नव्हतं. शिमग्यात घरोघरी सोंगं घेऊन फिरणारे ते खेळे, आमच्याकडच्या खेळ्यांमध्ये संकासुर असतो, काळे कपडे, उंच निमुळती टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरू, आणि त्याचं कामच पोरांच्या मागे लागणं. मार्चमध्ये खेळे वाडीत आले तेव्हा धाकटा पण बघायला आलेला. संकासुर वळला तशी सगळी पोरं किंचाळत पळाली आणि हा त्यांच्यातच, एका पडवीच्या खांबामागे चार-पाच जण एकमेकांना चिकटून. त्याला जादू म्हणणारा जो मुख्य पोरगा तोच बाजूला. तो याला म्हणतो, ‘घाबरू नको रे, मनगटावरचं घड्याळ बघ, आपला वाण्याचा काका आहे तो.’ मग दोघं पुढची सगळी घरं संकासुराच्या मागे, लांबून घड्याळ दाखवत.

इतके दिवस तो पोरांसमोर उभा केलेला परका होता, इथे सगळी पोरं एका बाजूला आणि परका दुसरीकडे, आणि तोही गावातलाच निघणारा. आपल्याकडे हे इतकं तयार पडलेलं आहे आणि आम्ही प्रोजेक्टर शोधत होतो.

काय झालं शेवटी

जादू हे नाव एकदम गेलं नाही. धाकट्या वर्गात जवळजवळ बंद झालं, सातवीतली दोन पोरं अजून म्हणतात. गेटवर उभं करायचा खेळ गणपतीनंतर दिसला नाही, पण तेव्हा पोरांना क्रिकेटचा नाद लागला होता, त्यामुळे श्रेय आमच्या गोष्टींना द्यायचं की बॅटला, मी काही छाती ठोकून सांगणार नाही.

फेब्रुवारीत शाळेच्या परसबागेत वानरांची टोळी आली तेव्हा याने गलोलीने वानराच्या बरोब्बर बाजूच्या फांदीवर खडा मारून टोळी पळवली, आणि दुसऱ्या दिवसापासून भाव वधारला. सगळे खूश. मला तेवढं समाधान वाटलं नाही. हे पुन्हा तेच नाही का झालं, याच्याकडे पावर आहे, ती आपल्या कामी आली, म्हणून हा आपला? ज्या पोराला गलोल येत नाही, गणित येत नाही, नुसताच आहे, त्याचं काय? बाई म्हणाल्या तुम्ही फार खोलात जाता. असेल.

आंबा संपल्यावर कुटुंब महिन्याभरासाठी गावी गेलं. पोरांनी समजूत करून घेतली की गेला तो गेला, त्याची जागासुद्धा एकाने घेतली. जुलैत परत आल्यावर दोन दिवस कोणाला काय बोलावं कळत नव्हतं. मग जागेवरून भांडण झालं, चांगलं दप्तरं फेकून, आणि सुरळीत झालं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला निर्णय-बिंदू पिक्चर निवडताना होता. तिथे ‘विषय चांगला आहे’ एवढ्यावर न थांबता तीन प्रश्न विचारायला हरकत नव्हती. परक्याचं स्वतःचं घरचं माणूस दाखवलंय का, तो स्वतः काही ठरवतो का, आणि गोष्ट संपताना तो कुठे असतो. तिन्हीची उत्तरं ‘नाही, नाही, गेला’ असतील तरी पिक्चर दाखवावा, पण नवीन पोरं आल्याच्या महिन्यात दाखवू नये, किंवा त्याच्या आधी चिऊ-काऊ व्हावं.

दुसरा, तो हसतोय म्हणजे ठीक आहे हे मानणं. जुलै ते ऑगस्ट सगळा वेळ त्यात गेला. पोरगं हसतं कारण दुसरं काय करणार. खेळ शेवटपर्यंत बघायला हवा, सुरुवात बघून फसायला होतं.

तिसरा, बहिणीचं ऐकून ओरडायचं टाळलं ते बरोबर, पण त्यामुळे सातवीतल्या त्या दोघांशी कोणीच कधी बोललं नाही. एकेकट्याला बाजूला घेऊन, ओरडा न करता बोलता आलं असतं, गुरुजींना ते जमलंही असतं. आणि धाकट्याला शनिवारी आणायला कोणी बागेत गेलं नाही. गोष्टी त्याच्यासाठी बदलल्या आणि त्या ऐकल्या बाकीच्यांनी. कदाचित तेच हवं होतं, पण तसं ठरवून झालं नाही, झालं आपसूक.

व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवर पोस्ट काढण्यापलीकडे काही झालं नाही. मोठ्यांसाठी काबुलीवाला कोण सांगणार?

यंदापासून पिक्चर निवडायच्या समितीत दोन मुलं घेतलीत, त्यात बहीण आहे. आम्ही तयारीने बसलो होतो, ती काहीतरी स्थलांतर, मैत्री असलं सुचवेल म्हणून. तिने भुताचा पिक्चर सांगितला, भरपूर भीतीवाला, आणि दुसऱ्या मुलाने लगेच अनुमोदन दिलं. मोठ्या बाईंचं म्हणणं तिसरीची पोरं घाबरतील, बहिणीचं म्हणणं घाबरायलाच तर बघतात. पुढच्या शनिवारपर्यंत ठरवायचंय.